सांगलीचे विष्णुदास भावे

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा महिना जवळ आला म्हणजे आमच्या वर्गांत एक चमत्कारिक बदल दिसूं लागतो. एरवीं ज्याच्या तोंडून व्याकरणाचा एक नियम धड निघत नाहीं, तो विद्यार्थी चार पानांचें भाषण न अडखळतां म्हणून दाखवितो. जो प्रार्थनेला कधीं वेळेवर येत नाहीं, तो तालमीला अर्धा तास आधीं येऊन दाराशीं उभा असतो. आणि कोणाच्या आईचा शालू, कोणाच्या आजोबांची काठी, कोणाच्या काकांची पगडी अशी सामग्री न मागतां गोळा होते. गेल्या वर्षीं ह्याच गडबडींत एका लहान मुलानें मला विचारलें कीं, मराठींतील पहिलें नाटक कोणत्या शाळेंत झालें. नाटक ही संमेलनांतच व्हावयाची गोष्ट असा त्याचा भाबडा समज होता. मीं त्याला सांगितलें कीं, तें शाळेंत झालें नाहीं, एका राजवाड्यांत झालें. मात्र तें करणारीं माणसें तुझ्याइतकींच नवशिकीं होतीं. इतक्यांत घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करण्याचा विचार आहे.

कृष्णेच्या कांठची सांगली आज मोठें शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें एक लहानसें गांव होतें. मिरजेच्या पटवर्धन घराण्यांत वांटणी झाली, तेव्हां चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं मिरज सोडून सांगली हें आपलें राहण्याचें ठिकाण केलें. तेथें त्यांनीं गणपतीचें सुंदर देवालय बांधविलें, पेठा वसविल्या, कारागीर व विद्वान आणून ठेवले. तरुणपणीं ते पेशव्यांचे सरदार होते व घोड्यावर बसून त्यांनीं मोहिमा केल्या होत्या. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुढचीं तेहतीस वर्षें त्यांस इंग्रजांच्या सत्तेखालीं संस्थानिक म्हणून काढावीं लागलीं. तलवार खुंटीला लागली, पण दरबार तर चालवावयाचा होता. अशा राजाचें मन देवळें, शास्त्रचर्चा, गाणेंबजावणें व कौशल्याचीं कामें ह्यांकडे वळावें हें स्वाभाविक होय. आणि मराठी नाटकाचें भाग्य असें कीं, हा राजा नुसता पाहून माना डोलावणारा नव्हता. जें आवडलें तें आपल्या भाषेंत, आपल्या गांवीं, आपल्या माणसांकडून व्हावें असा त्याचा हट्ट असे.

ह्या संस्थानच्या फौजेंत अमृतराव भावे नांवाचे एक गृहस्थ नोकरीस होते. त्यांचा मुलगा विष्णु हा घोकंपट्टीपेक्षां हातच्या कलाकुसरींत रमणारा होता. मातीचीं चित्रें करावीं, लांकूड कोरून बाहुल्या कराव्या, त्यांचे हातपाय हलते ठेवावे, हा त्याचा छंद. त्यास कविता रचण्याचीही गोडी होती, आणि त्या कवितेंत येणारें विष्णुदास हेंच नांव पुढें सर्वतोमुखीं झालें. अशा मुलाविषयीं वडील मंडळींस काय वाटत असेल ह्याची कल्पना शिक्षकाच्या पेशांत असलेल्या माणसास सहज येते. आमच्याही वर्गांत मागच्या बांकावर असा एकादा असतोच. खडूची मूर्ति कोरतांना तो सांपडला म्हणजे आम्ही त्याला उभा करतों. चिंतामणरावांच्या नजरेस हा मुलगा पडला, तेव्हां त्यांनीं त्याला उभा केला तो निराळ्या कामासाठीं.

सन १८४२ मध्यें कर्नाटकांतून, उत्तर कानड्याच्या बाजूनें, भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीस आला. यक्षगान ह्या नांवानें जी नाट्यकला त्या प्रांतीं अद्याप जिवंत आहे, तिच्याच जातीचे हे खेळ होते. भागवत म्हणजे मुख्य गाणारा बाजूस उभा राहून कथा गाई, आणि देव, राक्षस, राजे यांचीं सोंगें घेतलेले लोक त्या कथेप्रमाणें नाचत व बोलत. महाराजांनीं हे खेळ दरबारांत करविले. कथा पुराणांतील, म्हणजे ओळखीची. पण भाषा परकी, आणि सोंगांत व उड्यांत त्यांस पुष्कळ ओबडधोबडपणा दिसला. हेंच मराठींत अधिक नेटकें करतां येईल असें त्यांच्या मनानें घेतलें व त्यांनीं तें काम विष्णुदासांवर सोंपविलें.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विष्णुदासांस मराठी नाटकाचे जनक म्हणतात, ह्याचा अर्थ त्यांच्यापूर्वीं मराठींत कोणीं नाटक लिहिलेंच नव्हतें असा नाहीं. दूर दक्षिणेंत तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारीं सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटकें रचलीं गेलीं होतीं. शहाजी राजांचें लक्ष्मीनारायणकल्याण हें त्यांपैकींच एक. परंतु तीं तेथल्या दरबारांत राहिलीं आणि महाराष्ट्रास त्यांचा पत्ताही फार उशिरां लागला. इकडे आपल्या मुलखांत कोंकणांतील दशावतारी होते, उत्सवाच्या अखेरचीं ललितें होतीं, कीर्तनकार होते, बहुरूपी होते, फडावरचा तमाशा होता. ह्या प्रत्येकांत नाटकाचा एकेक अवयव सांपडतो. कीर्तनकार आख्यान लावतो, गातो, अर्थ सांगतो. बहुरूपी सोंग आणतो. दशावतारी देवदैत्यांचें युद्ध दाखवितो. हे विखुरलेले अवयव एका देहांत बसवून, एक नेमलेली मंडळी जमवून, तालीम देऊन, ठरलेल्या जागीं ठरलेल्या वेळीं सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळ करणें, आणि तो पुन्हा पुन्हा करीत राहणें, हें काम विष्णुदासांनीं केलें. जनक हा शब्द त्या अर्थानें घ्यावा.

आतां ह्या तरुणापुढें अडचणी काय होत्या त्या पाहूं. त्याला कित्ता म्हणून पाहतां येईल असें एकही मराठी नाटक सांगलींत नव्हतें. संस्कृत नाटकें शास्त्रीमंडळींच्या पोथ्यांत होतीं, पण तीं रंगभूमीवर पाहिलेला मनुष्य नव्हता. इंग्रजी नाटकगृह मुंबईस. आणि मुंबई म्हणजे बैलगाडीनें कित्येक दिवसांची वाट. तेव्हां समोर आलेला कानडी खेळ, कानावर असलेलें कीर्तन, आणि बोटांत असलेली कारागिरी एवढ्या भांडवलावर त्यानें कामास हात घातला. सीतास्वयंवर हा विषय निवडला. निवड मोठ्या शहाणपणाची होती. धनुष्य आहे, राजांची सभा आहे, रावणाची फजिती आहे, आणि शेवट लग्नांत आहे. शिवाय प्रेक्षकांपैकीं ज्याला पुढें काय होणार हें ठाऊक नाहीं असा एकही मनुष्य नाहीं. ज्याला बोलणें ऐकूं आलें नाहीं त्यालाही खेळ कळावा अशी ती गोष्ट होती.

पदें त्यांनीं स्वतः रचलीं, चाली स्वतः बसविल्या. पोषाख, मुगुट, आयुधें, गणपतीची सोंड, सरस्वतीचा मोर हीं सर्व कामें त्यांच्या देखरेखीखालीं झालीं. परंतु खरी अडचण माणसांची होती. नट म्हणून धंदा करणारा वर्ग सांगलींत नव्हताच. दरबारच्या आश्रयांतील व गांवांतील मंडळींतूनच, बहुतेक ब्राह्मणांच्या घरांतून, मुलगे व तरुण निवडावे लागले. सीता व तिच्या सख्या मुलांनींच व्हावयाचें. कारण स्त्रियांनीं रंगभूमीवर येणें हें त्या काळीं कोणाच्या कल्पनेंतही आलें नसतें. आणि तोंडाला रंग लावून, लुगडें नेसून, चारचौघांसमोर उभें राहणें हें आज संमेलनांत कौतुकाचें काम असलें, तरी तेव्हां तें तसें नव्हतें. सोंग घेणें हें बहुरूप्याचें, नाचणें हें तमाशांतल्या पोराचें. स्नानसंध्या करणाऱ्या घरच्या मुलानें तें कां करावें? अशांना पंगतीस घ्यावें कीं न घ्यावें अशी कुरकुर सांगलींत निघाली. पंगतींतून उठविलें जाणें म्हणजे काय हें आजच्या विद्यार्थ्यांस नीट कळणार नाहीं. त्या घरांत मुलीचें लग्न जमणें कठीण, श्राद्धास ब्राह्मण मिळणें कठीण, शेजाऱ्याच्या विहिरीवर जाणें कठीण. एक संध्याकाळ रामाचें सोंग घेण्यासाठीं ही किंमत कोण देईल? राजाचा हात पाठीवर होता म्हणूनच ही मंडळी उभी राहूं शकली. इतिहास लिहिणारे विष्णुदासांचें नांव लिहितात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या पहिल्या खेळांत ज्या मुलांनीं लुगडीं नेसलीं त्यांचाही विचार माझ्या मनांत नेहमीं येतो.

५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीच्या राजवाड्यांत, महाराज व दरबारी मंडळी यांच्यासमोर, सीतास्वयंवराचा खेळ झाला.

त्या वेळच्या खेळाची रीति आजच्या नाटकाहून इतकी निराळी होती कीं, ती थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. प्रथम सूत्रधार येऊन मंगलाचरण गाई. त्याच्यामागें टाळ-मृदंगाची साथ असे. मग झाडपाला गुंडाळलेला, वनांतून आलेला असा विदूषक नाचत येई. सूत्रधाराची व त्याची प्रश्नोत्तरें होत आणि लोक हंसून मोकळे होत. त्यानंतर गजाननाचें आगमन. सूत्रधारानें स्तुति करावी, गजाननानें विघ्न होणार नाहीं असा आशीर्वाद द्यावा. मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत यावयाची. मोर अर्थात् नटाच्या कमरेला बांधलेला. तिचाही आशीर्वाद झाला म्हणजे मुख्य आख्यानास आरंभ होई. सूत्रधार मात्र निघून जात नसे. तो साथीदारांसह रंगभूमीवरच उभा राही, आणि प्रत्येक प्रसंगाचें पद तोच गाई. पद संपलें कीं ज्याच्याविषयीं तें असेल त्या पात्रानें आपलें भाषण करावयाचें.

आणि हें भाषण लिहिलेलें नसे! पदें ठरलेलीं, प्रसंग ठरलेला. पण गद्य बोलणें नटानें त्या वेळीं सुचेल तसें, आपल्या बुद्धीप्रमाणें करावयाचें. चांगला नट असेल तर दशरथाचा शोक अर्धा घटका रंगे. नट कच्चा असेल तर दोन वाक्यांत आटोपे, आणि सूत्रधार पुढच्या पदाकडे वळे. राक्षसपार्टी करणाऱ्यांस शब्दांची फारशी गरजच नसे. हातांत तरवारी घेऊन, डोळे वटारून, अललल अशी आरोळी ठोकून ते दिवट्यांच्या उजेडांत उड्या मारूं लागले म्हणजे पुढें बसलेलीं मुलें आईच्या पदरांत तोंड लपवीत. पुढच्या पिढींतील इंग्रजी शिकलेल्या टीकाकारांनीं ह्यावरूनच ह्या खेळांस अललडुर्र नाटकें व तागडथोम नाटकें अशीं नांवें दिलीं व त्यांची यथेच्छ थट्टा केली.

ती थट्टा मला सर्वस्वीं योग्य वाटत नाहीं. आरडाओरड होती हें खरें. एकाच सूत्रधारानें रामाचें, सीतेचें व रावणाचें अशीं सर्वांचीं पदें म्हणावीं हेंही आज विचित्र वाटतें. परंतु तोंडपाठ केलेल्या भाषणाचा आधार नसतां, गर्दीसमोर उभें राहून, जनकासारख्या राजास शोभेल असें शुद्ध मराठी गद्य त्या क्षणीं बोलावयाचें, हें काम हलकें नव्हे. मराठी गद्य त्या वेळीं ग्रंथांत नुकतें कोठें आकार घेत होतें. छापील पुस्तकें थोडीं, वाचणारे त्याहून थोडे. अशा काळीं गांवोगांवच्या लोकांनीं भारदस्त मराठी बोलणें ऐकलें तें एक तर कीर्तनांत, नाहीं तर ह्या अललडुर्र नाटकांत. माझ्या विद्यार्थ्यांपैकीं जे भाषण पाठ करून येतात आणि एक ओळ विसरतांच वर छताकडे पाहूं लागतात, त्यांनीं हा प्रयोग एकदां करून पाहावा.

सीतास्वयंवर महाराजांस पसंत पडलें आणि विष्णुदासांस आणखी आख्यानें रचण्याची आज्ञा झाली. रामायणांतील प्रसंग झाले, महाभारतांतील झाले, कृष्णचरित्रांतील झाले. आठ वर्षें हा उद्योग दरबारच्या आश्रयाखालीं चालला. मंडळींचा खर्च संस्थान करी, आणि विष्णुदासांनीं रचावें, शिकवावें, सूत्रधार म्हणून उभें राहावें. असें वाटे कीं, हें असेंच चालणार.

१८५१ सालीं चिंतामणराव वारले. गादीवर आलेले त्यांचे पुत्र धुंडिराजराव अल्पवयी होते; कारभार दुसऱ्यांच्या हातांत गेला, आणि हिशेबाच्या वहीवर बोट ठेवणाऱ्यांस गणपतीची सोंड व राक्षसांचे मुखवटे हा अनाठायीं खर्च वाटला. महाराजांच्या शब्दावर उभें राहिलेलें काम महाराजांबरोबर निराधार झालें. विष्णुदासांस कर्ज झालेलें होतें. मंडळी मोडावी, तर ज्यांनीं लोकांची कुरकुर सोसून आठ वर्षें रंग लावला त्यांनीं आतां कोठें जावें? दरबारांत जागा नाहीं, भिक्षुकींत पुन्हा कोणी सन्मानानें घेईल असा भरंवसा नाहीं. मंडळी ठेवावी, तर त्यांच्या पोटाचें काय? नाटकाची ती पहिली हौस होती. तिचा धंदा होऊं शकतो कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नव्हतें, कारण तोंपर्यंत तसें कोणीं करून पाहिलेलें नव्हतें.

विष्णुदासांनीं सामानाच्या गाड्या भरल्या आणि मंडळी घेऊन ते सांगलीबाहेर पडले. माझ्या मतें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा दिवस ५ नोव्हेंबर नव्हे, तर हा होय. आणि त्याची तिथि कोणी पाळीत नाहीं.

फिरत फिरत ही मंडळी १८५३ सालीं मुंबईस पोंचली. त्या वर्षीं मुंबईंत नवल करण्यासारखें पुष्कळ होतें. १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. त्याच्या अगोदर महिनाभर, मार्चांत, सांगलीच्या मंडळींचा खेळ ग्रँट रोडवरील नाटकगृहांत झाला. हें नाटकगृह १८४६ सालीं, जगन्नाथ शंकरशेट यांनीं दिलेल्या जागेवर उभें राहिलें होतें व तेथें इंग्रजी नाटकें होत असत. पडदे, दिवे, प्रेक्षकांसाठीं दर्जावार जागा, आंत येण्यास तिकीट, ठरलेल्या वेळीं आरंभ, हा सर्व थाट विष्णुदासांनीं तेथें पाहिला. गिरगांवांत प्रथम खेळ करून ते ह्या रंगभूमीपर्यंत गेले, आणि शंकरशेट, डॉक्टर भाऊ दाजी अशा नगरांतील वजनदार गृहस्थांचें पाठबळ त्यांस मिळालें.

तिकिटाचा खेळ! हा शब्द लिहितांना आज कांहींच वाटत नाहीं. परंतु राजवाड्यांत खेळ होतो तेव्हां एका मनुष्याची मर्जी सांभाळावयाची असते. तिकीट लावून खेळ होतो तेव्हां ज्यानें खिशांतून नाणें काढलें त्या प्रत्येकाची. राजा प्रसन्न झाला तर शेला देतो. लोक प्रसन्न झाले तर दुसऱ्या दिवशीं पुन्हा येतात. मुंबईचे लोक पुन्हा आले. मिळालेल्या पैशानें मंडळींस जगतां आलें, आणि मराठी नटास आपल्या कलेवर, कोणा संस्थानिकाच्या पदरीं न राहतां, पोट भरतां येतें हें सिद्ध झालें. मुंबई अनेक भाषांची आहे हेंही विष्णुदासांनीं हेरलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनीं राजा गोपीचंदाच्या कथेचा खेळ हिंदुस्थानी भाषेंत केला. त्याच्या थोडेंच आधीं, ऑक्टोबरांत, पारशी तरुणांच्या मंडळींनींही ग्रँट रोडवरच आपल्या नाटकांस आरंभ केला होता. ज्या पारशी रंगभूमीनें पुढें साऱ्या हिंदुस्थानास नाटकाचें वेड लाविलें, तिचा जन्म व सांगलीकरांचा हा हिंदुस्थानी खेळ एकाच गांवांत, एकाच ऋतूंत झाला हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ह्यापुढील नऊ वर्षें प्रवासांत गेलीं. पावसाळ्यांत सांगली, उघाडींत फिरती. नदीला उतार नाहीं, गाडीचा आंख मोडला, सीता तापानें फणफणली, अशा फिरत्या बिऱ्हाडाच्या नित्याच्या अडचणी असावयाच्याच. विष्णुदासांचें यश पाहून इचलकरंजी, कोल्हापूर वगैरे ठिकाणीं दुसऱ्या मंडळ्या निघाल्या. त्यांनीं तोच सूत्रधार, तोच गणपति, तीच सरस्वती उचलली. ज्याला कोणी कित्ता नव्हता त्याचाच आतां सर्वांनीं कित्ता केला.

मग १८६२ च्या सुमारास त्यांनीं हा व्यवसाय सोडला. चाळीस-बेचाळीस वर्षांचें वय, हातीं कसलेली मंडळी, सर्वत्र नांव, आणि हा मनुष्य सांगलीस परत येऊन घरीं बसला. पुढें ते जवळ जवळ चाळीस वर्षें जगले. नाटकाच्या पायीं हयात घालवून शेवटीं कर्जबाजारी व व्यसनी झालेल्या नटांच्या कथा पुष्कळ ऐकूं येतात. हे जनक मात्र वेळीं उठले. ह्याबद्दल त्यांचें कौतुक करावें कीं हळहळावें हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. जर ते राहिले असते तर स्वतः घातलेल्या चाकोरींतून मराठी नाटक त्यांनींच बाहेर काढलें असतें काय? बहुधा नाहीं. तें काम दुसऱ्यांचें होतें, आणि तें त्यांच्या डोळ्यांदेखत झालें.

१८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने ह्या तरुणाचें थोरले माधवराव पेशवे हें नाटक निघालें. तें पुराणांतलें नव्हतें, इतिहासांतलें होतें. आणि त्यांतील शब्दन् शब्द लेखकानें लिहिलेला होता. नटाच्या तोंडीं येईल तें बोलणें संपलें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. तेथें सूत्रधार नांदी म्हणून निघून गेला, आणि दुष्यंताचें पद दुष्यंतानें, शकुंतलेचें शकुंतलेनें म्हटलें. विष्णुदासांच्या खेळाचे जे दोन खांब, रंगभूमीवर शेवटपर्यंत उभा असलेला सूत्रधार व न लिहिलेलें भाषण, ते दोन्ही वीस वर्षांत गेले. सांगलीजवळच्या हरिपुरांत जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्करांच्या हाताखालीं तयार झाले व १८९९ सालीं त्यांनीं शारदा हें नाटक रंगभूमीवर आणलें. लहान मुलीस म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधण्याची दुष्ट चाल हा त्याचा विषय. राम व रावण ह्यांच्या जागीं घरांतली आई, बाप व रडणारी मुलगी रंगभूमीवर आली. हें सर्व होत असतां जुने सूत्रधार सांगलींत हयात होते.

१८८५ सालीं त्यांनीं आपल्या आख्यानांतील कविता नाट्यकवितासंग्रह ह्या नांवानें छापून काढल्या व आरंभीं आपल्या नाटकांची हकीकत लिहिली. त्या पुस्तकाचें नांवच त्याची मर्यादा सांगतें. त्यांत कविता आहेत, नाटकें नाहींत. नाटकांचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे दशरथ, जनक, रावण, मंदोदरी जें जें बोलले तें सर्व, बोलणाऱ्यांबरोबर नाहींसें झालें. तें कोठें लिहिलेलेंच नव्हतें. आज आपल्या हातीं पदें आहेत. कोणी सीता ५ नोव्हेंबरच्या त्या रात्रीं काय बोलली हें सांगणारा कागद नाहीं.

९ ऑगस्ट १९०१ रोजीं विष्णुदास सांगलीस वारले.

सांगली त्यांस विसरली नाहीं. १९४३ सालीं पहिल्या खेळास शंभर वर्षें झालीं, तेव्हां सांगलींत मोठा शतसांवत्सरिक उत्सव झाला व नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष बॅरिस्टर विनायक दामोदर सावरकर होते. सांगलींत भाव्यांच्या नांवाचें नाट्यमंदिर आहे. १९६० सालापासून त्यांच्या नांवाचें गौरवपदक रंगभूमीची सेवा करणाऱ्या कलावंतांस तेथें देण्यांत येऊं लागलें, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमि दिन म्हणून सर्वत्र पाळला जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही ह्याच गांवीं १८७२ सालीं जन्मले. म्हणून ह्या गांवास लोक नाट्यपंढरी म्हणतात, त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं.

आणखी एक वस्तु मागें राहिली. लहानपणीं लागलेला बाहुल्यांचा नाद विष्णुदासांस सोडून गेला नव्हता. त्यांनीं लांकडाच्या, हातपाय हलणाऱ्या, दोऱ्यांनीं नाचविण्याच्या बाहुल्या तयार केल्या होत्या. राम, सीता, रावण अशीं सीतास्वयंवराचीं सर्व पात्रें. माणसांप्रमाणें ह्या पात्रांस पंगतीची भीति नव्हती कीं राजाच्या मर्जीची गरज नव्हती. पुढें कित्येक वर्षें त्या नुसत्या पडून होत्या. अलीकडच्या काळांत बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे प्रसिद्ध कलावंत रामदास पाध्ये यांनीं त्या मिळवून, दुरुस्त करून, दोऱ्या पुन्हा ओवून त्यांचा खेळ लोकांस दाखविला, आणि विष्णुदासांच्या हातची सीता पुन्हा एकदां वरमाला घेऊन उभी राहिली.